नाव सांगा, बाई

स्वतंत्र भारताची पहिली मतदारयादी तयार होत होती, तेव्हा तिच्यातून सुमारे २८ लाख बायका गळल्या. मताचा अधिकार त्यांना होता. राज्यघटनेच्या ३२६व्या कलमानं २१ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला तो दिला होता. जात, शिक्षण, जमीनजुमला, बाई की बुवा, काहीही न विचारता. या बायका गळल्या त्या नावापायी. यादी करणारा माणूस दारात आला, त्यानं नाव विचारलं, आणि उत्तर मिळालं: अमक्याची बायको, तमक्याची आई. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत. मतदाराला स्वतःचं नाव हवंच, असं त्यांनी ठरवलं. काही ठिकाणी मुदत वाढवून दिली गेली. तरीही ज्या बोलल्या नाहीत त्यांच्या नोंदी काढून टाकल्या. बहुतेक जणी पाच राज्यांतल्या होत्या: बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, विंध्य प्रदेश आणि मध्य भारत.

मध्य भारत म्हणजे आम्ही. होळकरांचं इंदूर, शिंद्यांचं ग्वाल्हेर आणि माळव्यातली लहानमोठी संस्थानं मिळून १९४८ साली हे राज्य झालं आणि १९५६ मध्ये मध्य प्रदेशात विलीन झालं. जेमतेम आठ वर्षं टिकलेल्या त्या राज्याचं नाव आता इंदुरातल्या मुलांना आठवतही नाही. पण त्या यादीचा विषय निघाला की मला आमचं रामबागेतलं जुनं घर दिसतं, कारण ती यादी करणारा माणूस तिथंही आला होता.

इंदूरच्या मराठी घरांची एक लाडकी समजूत आहे. घूंघट काय तो हिंदी घरांत, आपल्यात नाही. आपल्या बायका नऊवारी नेसून उघड्या तोंडानं राजवाड्यापर्यंत भाजीला जात, हळदीकुंकवाला गावभर फिरत, पोथी वाचत. हे खरं आहे. पण नवऱ्याचं नाव घ्यायची वेळ आली की याच बायकांची जीभ टाळ्याला चिकटे. नाव घ्यायचं ते उखाण्यात, मंगळागौरीला, डोहाळजेवणाला, चार बायकांच्या आग्रहावरून, लाजत. एरवी 'हे', 'आमच्याकडे', 'ऐकलं का'. आणि मराठी बाईचं पूर्ण नाव म्हणजे तिचं नाव, मग नवऱ्याचं नाव, मग आडनाव. सरकारी माणसाला स्वतःचं पूर्ण नाव सांगायचं तर मधोमध नवऱ्याचं नाव उच्चारावं लागणार. घूंघट नसूनही आमच्या घराच्या उंबऱ्यावर तीच अडचण उभी राहिली.

आत्या तेव्हा चौथीत होती. आता ती चौऱ्याऐंशीच्या घरात आहे, लोकमान्य नगरात मुलाकडे राहते आणि हा प्रसंग अजून तितक्याच ठसक्यात सांगते. तो माणूस पायरीवर बसला, मांडीवर वही. "नाम बताइए, बाई." आजी दाराच्या आड उभी. पुरुष माणूस कुणी घरात नाही. आजी म्हणाली, हिची आई लिहा. तो म्हणाला, असं चालत नाही. आजी गप्प. त्यानं पुन्हा विचारलं. आजी आत्याकडे बघून म्हणाली, "तू सांग गं." आत्यानं सांगितलं. त्याला मराठी आडनाव नीट लिहिता येईना, म्हणून आत्यानं त्याच्याच पेन्सिलीनं एका कागदावर ते लिहून दिलं, शाळेत शिकवलेल्या ठळक अक्षरांत: पहिलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. आजोबांचं नाव आजीच्या देखत मोठ्यानं घेताना अंगावर काटा आला होता, असं ती म्हणते. आजीचं नाव यादीत लागलं. १९५२ च्या थंडीत ती वाड्यातल्या बायकांबरोबर मत देऊन आली. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर त्याचं चिन्ह. कागदावर शिक्का मारायचा नव्हता, हव्या त्या पेटीत तो टाकायचा, एवढंच. कुणाच्या पेटीत टाकला ते आजीनं आजोबांनाही सांगितलं नाही, हे आत्या फार अभिमानानं सांगते.

सेन यांनी केलं ते बरोबर होतं का? २८ लाख म्हणजे थोड्याथोडक्या नव्हेत. त्या वेळी देशात १७ कोटी ३२ लाख मतदार नोंदले गेले होते. त्या गर्दीत ही संख्या लहान दिसेल, पण त्यातली प्रत्येक जण पहिल्याच निवडणुकीत बाहेर राहिली. दोष तिचा एकटीचा नव्हता. तरीही, खूप विचार करून मी सेन यांच्या बाजूची आहे. त्याचं कारण त्याआधीच्या कायद्यात आहे.

इंग्रज सरकारच्या १९१९ च्या राजकीय सुधारणांआधी मताधिकार कुणाला द्यावा हे ठरवायला साउथबरो समिती आली होती. तिच्यासमोर सत्तावीस वर्षांच्या एका प्राध्यापकानं साक्ष दिली. हे भीमराव आंबेडकर, आमच्या शेजारच्या महूच्या लष्करी छावणीत १८९१ साली जन्मलेले. मिळकतीची आणि कराची अट घातली की अस्पृश्य आपोआप बाहेर राहतात, कारण त्यांच्याकडे मिळकत येऊच दिलेली नाही, हे त्यांनी समितीपुढे मांडलं. याच समितीनं बायकांना मत द्यायला नकार दिला. निर्णय प्रांतांवर सोपवला गेला, मग मद्रास आणि मुंबई या प्रांतांनी १९२१ च्या सुमाराला दार किलकिलं केलं, तेही मिळकतवाल्या बायकांपुरतं. आंबेडकरांनी १९२८ मध्ये सायमन आयोगापुढे सर्व प्रौढांना मत द्या अशी सरळ मागणी केली. ती मान्य झाली नाही. १९३५ च्या कायद्यानं सहा प्रौढांतल्या साधारण एकाला मत मिळालं. बायकांसाठी त्यात एक खास सवलत होती: नवऱ्याकडे ठरावीक मिळकत असेल तर त्याच्या बायकोला मत. नवरा फौजेतून निवृत्त असेल, तरी मत. विधवेलाही नवऱ्याच्या नावावर. (संस्थानी प्रजेला तर या प्रांतिक निवडणुकांत तेवढंही नव्हतं, आजी होळकरांची रयत होती.)

म्हणजे अमक्याची बायको ही नोंद अडाणी बायकांनी शोधून काढलेली नव्हती. कायद्यानंच तोवर असंख्य बायकांना तशी ओळख दिली होती. तू मतदार आहेस, कारण तो मिळकतदार आहे. १९५० साली राज्यघटना आली आणि एका रात्रीत नातं तुटलं: आता तू मतदार आहेस, कारण तू आहेस. दारात बसलेल्या कारकुनानं 'अमक्याची बायको' असं लिहून घेतलं असतं, तर कायदा पुढे गेला असता आणि यादी मागेच राहिली असती. सेन गणिताचे अभ्यासक होते. त्यांनी यादीतला एक आकडा म्हणजे एक माणूस हे जसं धरलं तसंच शेवटपर्यंत नेलं. त्याची किंमत २८ लाख बायकांनी मोजली, आणि ती किंमत त्यांच्या नवऱ्या-सासऱ्यांकडून वसूल करायला हवी होती, असं मला अजूनही वाटतं.

अहिल्याबाईंचं उदाहरण इथं कुणीतरी देतंच. १७६७ पासून १७९५ पर्यंत एका बाईनं महेश्वरातून राज्य चालवलं, मग माळव्यातल्या बायकांना अधिकाराचं काय अप्रूप? अहिल्याबाईंबद्दल मला नितांत आदर आहे. पण सिंहासनावर एक बाई असणं आणि रांगेत प्रत्येक बाई असणं, यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. इंग्लंडच्या गादीवर व्हिक्टोरिया राणी ६३ वर्षं होती आणि तिच्या मरणानंतर १७ वर्षांनी, १९१८ साली, तिथल्या बायकांना मत मिळालं. तेही तिशी उलटलेल्यांना, मिळकतीच्या अटीसह. पुरुषांच्या बरोबरीनं मिळायला १९२८ उजाडलं.

जगातला हा इतिहास आपल्याला शाळेत एक एक पायरी वर चढत गेल्यासारखा शिकवतात. न्यूझीलंड १८९३, फिनलंड १९०६, अमेरिका १९२०. मी शाळेत मास्तरीण होते, मीही तसाच फळ्यावर लिहायची. पण बारकाईनं पाहिलं की त्यातल्या बऱ्याच पायऱ्या दुसऱ्या कुणाच्या तरी पाठीवर पाय देऊन चढलेल्या दिसतात. न्यूझीलंडमध्ये माओरी बायकांनाही गोऱ्या बायकांबरोबरच मत मिळालं, हे खरं. पण शेजारच्या ऑस्ट्रेलियानं १९०२ मध्ये ज्या कायद्यानं गोऱ्या बायकांना मत दिलं, त्याच कायद्यानं तिथल्या आदिवासींना आणि आशिया-आफ्रिकेतून आलेल्यांना बाहेर ठेवलं. आदिवासींना देशपातळीवर मत मिळालं ते १९६२ मध्ये. दक्षिण आफ्रिकेत १९३० साली बायकांना मत मिळालं, फक्त गोऱ्या. काळ्या बायकांची आणि पुरुषांची रांग लागली १९९४ च्या एप्रिलात. अमेरिकेत १९१३ साली बायकांनी वॉशिंग्टनमध्ये मताधिकारासाठी मोर्चा काढला, तेव्हा आयडा बी. वेल्स या काळ्या पत्रकर्तीला सांगण्यात आलं, की तुम्ही मागच्या बाजूला चाला. ती बघ्यांच्या गर्दीत थांबली आणि आपल्या राज्याची तुकडी आल्यावर मध्येच शिरून बरोबरीनं चालू लागली. एका अन्यायाविरुद्ध उभ्या राहिलेल्या माणसांना दुसरा अन्याय आपल्याच रांगेत चालवून घ्यावासा वाटतो, हे वाचून मी कितीतरी दिवस अस्वस्थ होते. आपल्याकडच्या सुधारकी घरांतही स्वयंपाकघराच्या दारापर्यंतच समता यायची, हे मी पाहिलेलं आहे.

आणि कायदा झाला तरी काम संपत नाही. अमेरिकेत काळ्या पुरुषांना १८७० च्या घटनादुरुस्तीनं मत मिळालं होतं, बायकांना १९२० च्या. कागदावर दोन्ही मिळून काळ्या बाईचा प्रश्न सुटला होता. फॅनी लू हेमर ही मिसिसिपीतल्या कापसाच्या मळ्यावर राबणारी बाई. आपल्याला नाव नोंदवता येतं, हे तिला १९६२ मध्ये, वयाच्या ४४व्या वर्षी, कळलं. ३१ ऑगस्टला गावातली अठरा माणसं एका जुन्या बसनं तालुक्याच्या कचेरीत गेली. टेबलामागच्या अधिकाऱ्यानं तिला राज्याच्या घटनेतलं एक कलम उतरवून काढायला लावलं आणि त्याचा अर्थ लिहायला सांगितला. ते कलम वकिलाला घाम फुटेल असं होतं. ती नापास. परतताना पोलिसांनी बस अडवून चालकाला दंड केला, कारण बसचा रंग फार पिवळा आहे म्हणे. संध्याकाळी मळ्याच्या मालकानं सांगितलं, अर्ज मागे घे नाहीतर चालती हो. ती त्याच रात्री निघाली. पुढच्या वर्षी तिचं नाव लागलं, आणि त्याच वर्षी तुरुंगात तिला इतकं मारलं, की दुखणं जन्मभर राहिलं. १९६५ मध्ये मताधिकाराचा कायदा झाला, असल्या परीक्षा बंद झाल्या, नावं नोंदवायला केंद्र सरकारची माणसं गेली. मिसिसिपीत तोवर शंभरातल्या सातच काळ्या प्रौढांची नावं यादीत होती. दोन वर्षांत ती निम्म्याच्या वर गेली. माणसं तीच होती. टेबलामागचा माणूस बदलला.

मला राहून राहून वाटतं, आजीच्या पायरीवर बसलेल्या त्या माणसानं तिला वाचून दाखवायला सांगितलं असतं तर? १९५१ च्या जनगणनेत या देशात शंभरातल्या नऊ बायकांनाही अक्षरओळख नव्हती. साक्षरतेची अट घाला, निदान काही वर्षं थांबा, असं म्हणणारी शहाणी माणसं आपल्याकडेही कमी नव्हती. ती अट आली असती, तर २८ लाख सोडा, कोट्यवधी बायका गेल्या असत्या, आणि त्यांच्याबरोबर जवळजवळ सगळे दलित आणि आदिवासी. आपण निरक्षर बाईला फक्त नाव विचारलं. ती वाचू शकत नाही म्हणून पेट्यांवर चित्रं लावली. या एका गोष्टीसाठी त्या पिढीपुढे माझं डोकं नम्र होतं.

मी स्वतः पहिल्यांदा मत दिलं १९८९ मध्ये. ६१व्या घटनादुरुस्तीनं मतदानाचं वय २१ वरून १८ वर आणलं होतं आणि आम्ही कॉलेजातल्या मुली एकदम मतदार झालो. त्याच निवडणुकीत सुमित्राताई महाजन इंदुरातून पहिल्यांदा निवडून आल्या, आणि ती धरून सलग आठ वेळा. चिपळूणची मुलगी, इंदूरची सून. ताईंच्या पक्षाशी माझं नेहमीच पटलं असं नाही. पण घराघरांत 'ताई' या नावानं एक बाई राजकारण करते आहे, हे बघत आमची पिढी मोठी झाली, आणि त्याचा परिणाम झालाच.

नोकरीला लागल्यावर निवडणुकीची ड्यूटी आली. नेहरू स्टेडियमवर सामग्री घ्यायची, बसनं नेमून दिलेल्या गावी जायचं, शाळेतच रात्र काढायची. मतदान केंद्रावर पहिल्या अधिकाऱ्याचं काम असतं मतदाराचं नाव आणि अनुक्रमांक मोठ्यानं वाचायचं, म्हणजे तिथं बसलेल्या उमेदवारांच्या एजंटांना हरकत घ्यायची तर घेता येते. बायकांच्या नोंदीवर खूण वेगळी करतात, दिवसाअखेर किती बायका येऊन गेल्या ते मोजायला. देपालपूर तालुक्यातल्या एका केंद्रावर हे काम माझ्याकडे होतं. घूंघट घेतलेली एक म्हातारी आली. मी नाव वाचलं. ती काही बोलेना. मी पुन्हा वाचलं. तिनं घूंघटातून हात वर केला, "हाँ, मैं ही." बाकावर बसलेला एक एजंट, विशीतला पोरगा, गोंधळून तिच्याकडे बघत राहिला. तो तिचा नातू होता. तो आमच्या पीठासीन अधिकाऱ्यांना म्हणाला, सर, दादीचं नाव हे आहे हे मला आज कळलं. म्हातारी शाई लावून घेऊन यंत्राकडे गेलीसुद्धा. पुढे दिवसभर मी बायकांची नावं जरा जास्तच मोठ्यानं वाचली.

१९६२ च्या लोकसभेला शंभर पुरुषांतले ६३ मत देऊन आले होते आणि शंभर बायकांतल्या ४७. २०१९ मध्ये बायकांची टक्केवारी पुरुषांच्या किंचित पुढे गेली. सभा, पुढारी, घोषणा यांच्या गदारोळात ही गोष्ट जवळजवळ गुपचूप घडली. आता सगळेच पक्ष बायकांच्या खात्यात पैसे जमा करायची भाषा करतात ती या टक्केवारीमुळेच. ते पैसे घेणाऱ्या बायकांना नावं ठेवणाऱ्यांत मी नाही. त्यांच्या आज्यांना कुणी विचारत नव्हतं.

पण यादीचा प्रश्न संपलेला नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात मध्य प्रदेशात मतदारयाद्यांचं विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झालं, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं एसआयआर. बीएलओ, म्हणजे आपापल्या मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या कर्मचारी, घरोघरी फॉर्म देऊन गेल्या. वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या यादीत तुमचं नाव दाखवा, नसेल तर आईवडिलांचं दाखवा. पुरुषांचं सोपं होतं. त्याच घरात, त्याच वॉर्डात जुनी यादी उघडली की बाप सापडतो. आमच्या सुनेचं माहेर जळगावचं. सासरच्या सात पिढ्या इथं असल्या तरी तिच्या फॉर्मला त्यांचा उपयोग नाही, तिला माहेर शोधायचं होतं, दुसऱ्या राज्याच्या जुन्या यादीत, वडिलांचं घर तेव्हा कोणत्या भागात मोडत होतं ते आठवून. आमच्या गल्लीत तर अशा कितीतरी: भुसावळच्या, धुळ्याच्या, अकोल्याच्या. त्यातल्या जुन्या बायकांचं माहेरचं नावही वेगळं. एका शेजारणीचं माहेरचं नाव नदीचं, सासरचं देवीचं. आधार एका नावानं, शाळेचा दाखला दुसऱ्या. संध्याकाळी माझ्या ओट्यावर मोबाइल घेऊन आम्ही जुन्या यादीची पानं उलटायचो. वडिलांचं नाव सापडलं की त्या बायका आधी क्षणभर नुसत्या बघत राहायच्या, मग फोन करून भावाला कळवायच्या. यादी शुद्ध हवी यात वाद नाही. पण घर बदलायची रीत बायकांवर लादलेली असताना, पत्ता जुळवायचं सगळं ओझंही त्यांनीच वाहावं, हे मला मान्य नाही, आणि ते मी आमच्या बीएलओ बाईंनाही सांगितलं. त्या बिचाऱ्या अंगणवाडीचं काम सांभाळून हे करत होत्या. त्यांचाही फॉर्म तसाच अडकला होता.

आमच्याकडे पोळ्या करायला येणारी बाई या सगळ्यातून सुटून गेली होती, कारण तिचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. नवऱ्यानं टाकल्यावर ती खरगोनकडून इंदुरात आली, खोल्या बदलत राहिली. तिच्यासाठी आम्ही नवीन नोंदणीचा सहा नंबरचा फॉर्म आणला. त्यात नातेवाइकाचं नाव लिहायची जागा आहे. तिनं विचारलं, "उनका ही लिखना पड़ेगा क्या?" मी तिला फॉर्म वाचून दाखवला: वडील, आई, नवरा, बायको यांतलं कुणीही एक चालतं, अनाथ असेल तर पालक, तृतीयपंथी असेल तर गुरू. याच मध्य प्रदेशातून २००० साली शबनम मौसी सोहागपूरहून आमदार झाल्या, आणि यादीत स्त्री-पुरुषांखेरीज तिसरा रकाना यायला त्यानंतरही २००९ साल उजाडलं. पोळ्यांच्या बाईनं थोडा विचार केला आणि आईचं नाव सांगितलं. आईचं नाव तिला सांगता आलं, मध्ये वडिलांचं नाव न घेता.

राहण्याचा पुरावा नाही. घरमालक भाड्याची चिठ्ठी द्यायला तयार नाही. कर लागेल म्हणून घाबरतो. नियम असा आहे, की कागद नसेल तर बीएलओनं प्रत्यक्ष जाऊन खात्री करायची. फूटपाथवर झोपणाऱ्या माणसाचंही नाव घेता येतं, त्यासाठी रात्री जाऊन तो तिथं झोपतो का ते बघायचं. मी हा नियम छापून घेतला आहे. बीएलओ बाई रविवारी येणार आहेत, त्या वेळी मी तिच्या खोलीवर जाऊन बसणार आहे, आणि घरमालकाशीही बोलणार आहे.